मौन मार्गदर्शन, सकाळी नऊ ते बारा

आमच्या लेखन साहाय्य केंद्राचं वार्तापत्र एका पानाचं असतं. त्यातलं पाव पान विद्यापीठाचं बोधचिन्ह घेतं, पाव पान संचालकांचा फोटो घेतो, आणि उरलेल्या अर्ध्या पानात 'आमच्या सेवा' आणि 'कर्मचारीवृत्त' अशी दोन सदरं असतात. एवढंसं अर्धं पान भरायला काय लागतं, असं मला वाटलं होतं. हे मी आधीच कबूल करते, कारण कबूल केल्याने अहंकार कमी होतो असं आमचे बुवा कीर्तनात सांगतात. माझा कितपत कमी झाला ते तुम्हीच ठरवा.

केंद्र म्हणजे वाघोलीच्या पुढे, नगर रस्त्यावरच्या आमच्या विद्यापीठातली बारा नंबरची खोली. दोन टेबलं, सहा खुर्च्या, एक खिडकी. विद्यार्थी आपलं लिखाण घेऊन येतात. आम्ही ते लिहून देत नाही, दुरुस्तही करून देत नाही. कसं दुरुस्त करायचं ते शेजारी बसवून सांगतो. हा फरक मी गेली अकरा वर्षं समजावतेय आणि अजूनही दर सोमवारी कोणीतरी येऊन विचारतं, "मॅडम, संध्याकाळपर्यंत होईल ना? मी घेऊन जाईन." जणू आम्ही इस्त्रीवालेच. कर्मचारी दोन. मराठीला मी, श्यामला परचुरे, आणि इंग्रजीला भीमराव सोनकांबळे सर. सेवक नाही. पंखा आहे, पण तो वर्षातून नऊ महिने 'दुरुस्तीच्या प्रस्तावात' असतो.

ऑगस्टमध्ये आमचे संचालक, डॉ. उत्तरेश्वर सर, यांनी बोलावून घेतलं. "मॅडम, बारा नंबरची मागणी आलीय. नवउद्योग कक्षाला हवीय."

"पण सर, त्यांच्याकडे अख्खा मजला आहे."

"त्यांना बीन बॅग ठेवायच्यात," सर म्हणाले, आणि यावर कोणी काय बोलणार? "ऑक्टोबरमध्ये जागावाटपाची समिती येणार. रजिस्टरमध्ये रोजच्या सह्या किती?"

"दोन," मी म्हटलं.

"त्यातली एक वॉचमनची," भीमराव सरांनी शेजारून जोड दिली. सोनकांबळे सर खरं बोलतात आणि ते नको त्या वेळी बोलतात.

"मग वार्तापत्र काढा. सेवा सांगा. लोकांना कळू तरी द्या की तुम्ही आहात."

मला रात्रभर वाईट वाटत राहिलं. खोली लहान आहे, पण ज्या मुलाला बापाच्या सहीचा साधा अर्ज लिहितानाही घाम फुटतो, त्याने लाज न वाटता दार ढकलावं अशी साऱ्या विद्यापीठात ती एकच खोली. तिथे बीन बॅग आल्या की तो मुलगा दारातूनच परत जाणार.

आता इथे माझ्या नेमाविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

दरवर्षी चातुर्मासात मी काहीतरी सोडते. सलग चार वर्षं वांगं सोडलं. यंदा आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी आमचे हे म्हणाले, "अगं, वांगं तुला मुळात आवडतच नाही. तू वांगं सोडतेस त्यात त्याग तुझा नसतो, माझा असतो." ह्यांना भरलं वांगं जिवापाड प्रिय. मी विचारलं, "मग माझ्या आवडीचं काय आहे ते सांगा. ते सोडते." अशा प्रश्नावर माणसाने निदान घोटभर चहा पिण्याइतका तरी विचार करावा. हे लगेच म्हणाले, "बोलणं."

मी मृदुभाषी आहे. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत माझा चढलेला आवाज कोणी ऐकलेला नाही; पाण्याच्या टँकरच्या दिवशीसुद्धा नाही. पण हळू बोलणं म्हणजे कमी बोलणं नव्हे, असं ह्यांचं म्हणणं. मी दुखावले आणि दुखावलेल्या मनानेच संकल्प सोडला : कार्तिकी एकादशीपर्यंत रोज उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मौन. बुवांनी नियम सांगितले. "लिहून बोलायचं नाही, ते मागच्या दाराने बोलणं झालं. मोबाइलला हात नाही. मान हलवलेली चालेल, पण जी हलवाल ती खरी हलवा."

पहिल्याच आठवड्यात हे सकाळचा पेपर मोठ्याने वाचायला लागले, मध्येमध्ये स्वतःची मतं घालून. मुलगा आमोद म्हणाला, "आई, घरात काय पीस आहे गं!" समोरच्या फ्लॅटमधल्या कांताबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, यांनी मात्र मला मोजलंच नाही. "बारापर्यंतच होय? मी इगतपुरीला विपश्यनेत दहा दिवस केलंय, श्यामलाताई. दहाव्या दिवशी बोलायची मुभा मिळाली तर बोलावंसंच वाटेना. तुम्ही काय, बाराच्या ठोक्याला कुकरच्या शिट्टीसारख्या सुटता." कांताबाईंचं बोलणं मी मनाला लावून घेत नाही. फक्त लक्षात ठेवते.

ऑफिसात आम्ही सोय केली होती. सकाळी येणाऱ्यांना सोनकांबळे सर पाहणार, मी फायली लावणार. दुपारनंतर मी पाहणार. "उत्तम," सर म्हणाले. "सकाळी तुम्ही गप्प, दुपारी तुमच्यासमोर विद्यार्थी गप्प. खोलीत शिस्त नांदेल."

आणि नेमकी त्यांची परीक्षा विभागाने पंधरा दिवस पर्यवेक्षणावर नेमणूक केली.

पहिल्याच सकाळी साडेनऊला केयूर नावाचा तिसऱ्या वर्षाचा मुलगा आला. शिष्यवृत्तीचा अर्ज होता. मी खुणेने बसवलं. त्याने वाचायला सुरुवात केली, "मी बालपणापासूनच नेतृत्वगुणांनी संपन्न असून..." आणि थांबून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. माझ्या मनात त्या वाक्यावर वीस मिनिटांचं व्याख्यान तयार होतं. ते घशापर्यंत आलं आणि तिथेच बसलं.

"जास्त होतंय का?" केयूर म्हणाला.

मी पाहत राहिले.

"म्हणजे, सातवीत मॉनिटर होतो. पंधरा दिवस." आणखी थोड्या वेळाने, "बाई रजेवर होत्या तेव्हा." त्याने ते वाक्य खोडलं. पुढचं वाचलं, माझ्याकडे पाहिलं, तेही खोडलं. मग पेन खाली ठेवून म्हणाला, "खरं सांगू का? मला हा कोर्स हवाय कारण गावाकडच्या आमच्या विहिरीवरच्या मोटारी सारख्या जळतात आणि दुरुस्त करायला कोणी येत नाही." स्वतःच्याच बोलण्याने दचकून त्याने ते लिहून काढलं. दोन पानांचं अर्धं पान झालं आणि ते अर्धं पान सोन्यासारखं झालं. उठताना त्याने मला वाकून नमस्कार केला. "थँक्यू मॅडम. आजपर्यंत मला इतकं नीट कोणी समजावून सांगितलं नव्हतं."

अकरा वर्षं, वाचकहो. अकरा वर्षं मी समजावून सांगत होते.

हा सगळा प्रकार दारातून प्रसिद्धी विभागाच्या स्वरालीने पाहिला. ती वार्तापत्राचा मजकूर न्यायला आली होती. वय चोवीस, गळ्यात कॅमेरा. "मॅम! हे काय होतं? इट्स सो युनिक! तुम्ही काहीच बोलला नाहीत आणि त्याचं सगळं सॉर्ट झालं! ही काही मेथड आहे का?"

खरं तर 'नाही' अशी मान हलवायला हवी होती. पण 'ही पद्धत आहे का' याला 'नाही' म्हटलं तर 'मग काय आहे' हा पुढचा प्रश्न येणार, आणि त्याला मानेत उत्तर नाही. मी विचारात पडले. स्वराली कुजबुजली, "ओके ओके, सॉरी, तुम्ही झोनमध्ये आहात," आणि टेबलावरचा मजकूर उचलून पाय न वाजवता निघून गेली.

मजकूर मी मनापासून लिहिला होता. 'आमच्या सेवा' : चार. त्याखाली सूचना : अकरा. सूचना बहुतेक सोनकांबळे सरांच्या. 'येथे लिहून मिळत नाही.' 'येथे लिहून का मिळत नाही, हे विचारू नये.' 'झेरॉक्स शेजारी.' 'कर्मचारीवृत्त' मात्र अडलं होतं, कारण कर्मचारी दोन आणि वृत्त काहीच नाही. सर म्हणाले होते, "मी चष्म्याची काच बदलली. घाला." मी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, नंतर खोडू म्हणून.

दुसऱ्या दिवशी साडेअकरानंतर खोलीत एकाएकी गर्दी झाली; कारण कळेना म्हणून बाराला मी मोबाइल उघडला. सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी प्रसिद्धी विभागाचा निरोप आला होता : सोबत अंतिम मसुदा, अकरापर्यंत हरकत न आल्यास मंजूर समजण्यात येईल. आणि साडेअकराला वार्तापत्र साडेसहा हजार विद्यार्थ्यांना गेलंसुद्धा होतं. माझ्या अकरा सूचना गेल्या होत्या. त्यांच्या जागी एका चौकटीत, कमळासारख्या काहीतरी आकृतीखाली, असं होतं :

'नवीन सेवा! मौन मार्गदर्शन. रोज सकाळी ९ ते १२. आमच्या तज्ज्ञ एकही शब्द बोलत नाहीत.'

कर्मचारीवृत्तात लिहिलं होतं, 'श्रीमती श्यामला परचुरे यांनी मौन पद्धतीत प्रावीण्य मिळवले. श्री. भीमराव सोनकांबळे यांनी चष्म्याची काच बदलली.'

मी तशीच स्वरालीकडे गेले. तिने शुद्धिपत्राचा नमुना दिला. त्यावर संचालकांची सही हवी. संचालकांकडे गेले तर ते रजिस्टर घेऊन बसलेले. "शुद्धिपत्र? कशाला? मॅडम, आज अर्ध्या तासात एकोणीस सह्या!"

"सर, ती सेवा नाही. माझा चातुर्मासाचा नेम आहे."

"चातुर्मास कधी संपतो?"

"कार्तिकीला. नोव्हेंबरमध्ये."

"आणि समिती ऑक्टोबरमध्ये," सर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पसरला तो मी आजवर फक्त काकड आरतीला लोकांच्या चेहऱ्यावर पाहिलाय.

मी गप्प बसले. दुपारी गप्प बसण्याचं मला बंधन नव्हतं, तरी बसले. खोली वाचत असेल तर वाचू दे, असं मनात आलं. पाप तिथेच शिरलं.

पुढच्या आठवड्यापासून रांग जिन्यापर्यंत जाऊ लागली. सोनकांबळे सर पर्यवेक्षणावरून परतले ते थेट टोकन वाटायला बसले. "पोस्टग्रॅज्युएट आहे मी," ते टोकन फाडता फाडता म्हणायचे. "दोन विषयांत." सुरुवातीला लिखाण घेऊन येत. मग हळूहळू लोक नुसतेच यायला लागले. एका मुलीने तिच्या मित्राला पाठवायचा शेवटचा निरोप मला चार वेळा वाचून दाखवला आणि चौथ्या वेळी स्वतःच पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी तो मित्र पेढे घेऊन आला. मी काहीच केलं नव्हतं. पेढा मात्र घेतला. इतिहासाचे एक प्राध्यापक ग्रंथाची प्रस्तावना घेऊन आले, चाळीस मिनिटं वाचली, मध्येच म्हणाले, "हे मी आधीच्या दोन ग्रंथांतही लिहिलंय, नाही का?" आणि प्रस्तावनेसकट ग्रंथ पिशवीत घालून खिन्नपणे निघून गेले. मेसचा ठेकेदार येऊन बसला आणि पंधरा मिनिटांत कबूल करून गेला की आमटीत डाळ कमी पडते. त्या आठवड्यात आमटी सुधारली.

आणि दुपारी? दुपारी मी तयार होऊन बसायचे. खोली रिकामी. एकदा सव्वाबाराला एकाने दार उघडून डोकावलं. मी आनंदाने म्हटलं, "ये ना, बस, काय लिहिलंयस?" त्याने सोनकांबळे सरांना विचारलं, "बोलायला लागल्या का? मग उद्या येतो."

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मी तीस वर्षांपूर्वीच सांगू शकलो असतो." त्या दिवशी मी ह्यांच्या ताटात वाढलेली कोशिंबीर परत काढून घेतली.

उत्तरेश्वर सरांनी परिपत्रक काढलं. त्यात माझ्या मौनाला 'मौनाधारित संवादी लेखन-मार्गदर्शन प्रणाली' असं नाव होतं. नियम चार. 'मार्गदर्शिकेने मौनकाळात चेहऱ्यावर सकारात्मक भाव ठेवावेत' हा तिसरा. चौथ्यानुसार सोनकांबळे सरांनीही सकाळी मौन पाळायचं होतं. त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. नवव्या मिनिटाला त्यांच्या टेबलाकडून असा काही आवाज आला की रांगेतली दोन मुलं पळाली. "त्या मुलाने एक वाक्य वाचलं, ताई," नंतर ते मला शांतपणे म्हणाले. "त्यावर गप्प बसणं म्हणजे माझ्या दोन्ही पदव्यांचा अपमान झाला असता."

समितीने यायची वेळ दुपारी दोनची दिली होती. मी निर्धास्त होते. दोन वाजता मी बोलू शकणार होते, नम्रपणे आणि खरं तेवढंच. पण त्या दिवशी वाघोलीच्या चौकात वाहतूक तुंबली नाही. अकरा वर्षांत हे एकदाच घडलं. समिती सव्वाअकराला दारात.

तिघं होते. एक बाई टॅबवर टिपणं घेणाऱ्या, एक गृहस्थ फक्त बिस्किटं खाणारे, आणि अध्यक्ष प्रा. रंगनाथ आगाशे, निवृत्त, शनिवार पेठ. उत्तरेश्वर सर घाईघाईने मागून आले. आगाशे सर माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले.

"नमस्कार. आपल्या केंद्राचं उद्दिष्ट काय?"

मी नमस्कार केला आणि त्यांच्याकडे पाहिलं. चष्म्यावरून पाहिलं, कारण जवळचा नंबर वेगळा आहे. चेहऱ्यावर परिपत्रकाप्रमाणे सकारात्मक भाव ठेवले.

आगाशे सर किंचित हलले. "हां, म्हणजे, भिंतीवर लिहिलेलं आहेच ते. प्रश्न जरा बाळबोध झाला."

मी पाहत राहिले.

"मला म्हणायचं होतं की, आपली कार्यपद्धती... नाही, तीही वार्तापत्रात दिलीय. वाचून यायला हवं होतं मी." त्यांनी रुमाल काढला. "मॅडम, मी शनिवार पेठेत वाढलोय. अशा नजरेने बघणाऱ्या बाईंकडे मी सात वर्षं गणित शिकलो. तुम्हाला काय म्हणायचंय ते मला पोचतंय."

मला काहीच म्हणायचं नव्हतं. माझ्या मनात फक्त घड्याळ होतं. पण पुण्यात तुम्ही कोणाशी चार शब्द बोललात तर तो एखादेवेळी विसरेल; नुसतं पाहून गप्प बसलात, तर चार शब्द तो आपल्या मनाने जुळवतो आणि ते तुमच्या शब्दांपेक्षा कितीतरी जहाल निघतात. आगाशे सरांनी पुढच्या पाच प्रश्नांपैकी चार स्वतःच मागे घेतले आणि पाचव्याचं उत्तर स्वतःच दिलं. बिस्किटवाल्या गृहस्थांनी बिस्किट हळूच परत बशीत ठेवलं.

"विलक्षण आहे," आगाशे सर म्हणाले. "ही पद्धत कुठून आणलीत?"

"मी आणली," उत्तरेश्वर सर पुढे सरसावले. "परदेश दौऱ्यात पाहिली. मग मॅडमना मी स्वतः सहा महिने प्रशिक्षण दिलं. सुरुवातीला त्यांना जमत नव्हतं. बरोबर ना, मॅडम?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. अकरा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं.

उत्तरेश्वर सर फक्त एकदा दौऱ्यावर गेले होते आणि तेही इथल्या जवळच्या मांजरी गावाला, ऊस पाहायला. मान होकारार्थी हलवली तर खोली वाचते, पण मान खोटी हलते. नकारार्थी हलवली तर खोली जाते. आणि बारा मिनिटं नुसतं पाहत बसले, तर ते गप्प बसणं आता देवासाठी नव्हतं. ते खोट्याच्या बाजूने गप्प बसणं होतं. मी वेळ काढायला पाणी प्यायले. एकेक घोट. पेला संपला. अकरा पन्नास. दाराबाहेर टोकनं हातात घेऊन तीस मुलं उभी होती.

"नाही!" मी म्हणाले.

पहाटेपासून न वापरलेला आवाज एकदम निघाला, तो माझा मलाच ओळखू आला नाही. टॅबवाल्या बाईंच्या हातून टॅब पडला. "नाही, साहेब. ही पद्धत नाही. हा माझा नेम आहे. परदेशाचा काही संबंध नाही आणि मला कोणी शिकवलेलं नाही. आमच्या ह्यांनी टोमणा मारला म्हणून मी..." आणि मग माझ्याने थांबवेना. वांगं सांगितलं. चार वर्षं सांगितली. बुवा, इगतपुरी, मंजूर समजण्यात आलेलं वार्तापत्र, चष्म्याची काच, आमटीतली डाळ, सगळं सांगितलं. मान वर केली तेव्हा बारा वाजायला एक मिनिट होतं, उत्तरेश्वर सर खिडकीबाहेर पाहत होते आणि आगाशे सर माझ्याकडे काहीशा निराशेने बघत होते.

"म्हणजे आपण बोलता," ते म्हणाले.

"हो."

"रोज?"

"दुपारी बारानंतर."

आगाशे सरांनी सोनकांबळे सरांकडे हात पुढे केला. त्यांनी रजिस्टर दिलं. "सप्टेंबर महिन्यात सकाळी किती?"

"चारशे बारा, साहेब."

"दुपारी?"

"नऊ. त्यातले चार छत्री विसरले होते म्हणून आले."

समितीने बाहेर जाऊन दहा मिनिटं चर्चा केली. मी मनात खोलीचा निरोप घेतला. खिडकी, प्रस्तावातला पंखा, सहाव्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय. व्रतही मोडलं आणि खोलीही गेली. इतकं तोट्यात कोणी खरं बोललं नसेल.

निर्णय लेखी आला. 'केंद्राची उपयुक्तता निःसंशय सिद्ध होते. बारा क्रमांकाचा कक्ष सकाळी नऊ ते बारा केंद्राकडे कायम ठेवावा. दुपारी बारा ते पाच, ज्या काळात मार्गदर्शिका बोलतात, तो नवउद्योग कक्षास द्यावा.' सोनकांबळे सरांना दुपारी ग्रंथालयात टेबल मिळालं. मला दुपारी 'सोयीच्या ठिकाणी' बसायची परवानगी मिळाली. सोयीचं ठिकाण म्हणजे बाहेरचा बाक. बीन बॅग आल्या. त्या रोज बारा वाजता आत जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बाहेर येतात. त्यांची ने-आण नवउद्योगाची मुलं करतात आणि त्या मुलांना मला पाहिल्यावर ओझं अधिक जड वाटतं, असं सोनकांबळे सरांचं निरीक्षण आहे.

मोडलेल्या मौनाचं प्रायश्चित्त विचारायला मी बुवांकडे गेले. बुवांनी विचारलं, "सत्यासाठी मोडलंत ना? मग दोष नाही. किती वेळ बोललात?"

"नऊ मिनिटं."

"त्यातलं सत्यासाठी किती?"

मी मनाशी मोजलं. "एक."

"मग आठ मिनिटांचं लागलं. कार्तिकी झाली की आठ दिवस न आवडणारं काहीतरी खा." हे ऐकून आमच्या ह्यांनी मंडईतून दोन किलो वांगी आणायचा मुहूर्त काढला.

कार्तिकी एकादशी आठवड्यावर आली तेव्हा उत्तरेश्वर सरांचं पत्र मिळालं. 'आपला नेम दि. अमुक रोजी समाप्त होत असल्याचे समजते. कक्षवाटप सदर नेमाशी निगडित असल्याने तो पुढील आदेशापर्यंत चालू ठेवावा.' मी ते तीनदा वाचलं. देवाधर्माच्या बाबतीत कार्यालयीन आदेश मला पहिल्यांदाच आला होता. खाली जावक क्रमांक होता.

संध्याकाळी दिवा लावला आणि देवापुढे बसले. सगळं त्याला सांगितलं. म्हटलं, चार महिने तुझ्यासाठी होते ते तू घे. पण पुढचं तुझ्यासाठी नाही, ते त्या रांगेसाठी आहे, त्याचं पुण्य लावू नकोस. मग म्हटलं, की लाव? मग म्हटलं, माझं बोलणं कोणालाच नको असेल तर मी अकरा वर्षं काय केलं? देव काही बोलला नाही. मी आणखी थोडं सांगितलं, स्वतःच थोडं मागे घेतलं, थोडी रडले, आणि अर्ध्या तासाने माझं मलाच कळलं की सकाळी गप्प बसायचं, दुपारी बाकावर बसून बोलायचं, आणि बाकावर जो येईल तो खरा माझा. नमस्कार करता करता लक्षात आलं की हीच सेवा हा इथे लग्नापासून मला देतोय, तीही चोवीस तास, आणि याने कधी वार्तापत्र काढलं नाही.

डोळे पुसत उठले तर मागे आमोद उभा. हातात मोजपट्टी. कंपनीने आठवड्यातून तीन दिवस घरून काम करायला सांगितलंय, तो म्हणाला, आणि घरात शांत कोपरा असा हाच. "आई, देव्हारा जरा बाल्कनीत सरकवला, तर माझं टेबल इथे परफेक्ट बसेल. निदान दुपारपुरतं तरी?"

संध्याकाळचे सात वाजून गेले होते. माझ्या बोलण्यावर कसलंही बंधन नव्हतं.